दोन स्टार, एक चेंडू: जोडी खरंच जमते का, हे कसं तपासायचं

डिसेंबर 2016 मध्ये एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या क्ले थॉम्पसनने इंडियाना पेसर्सविरुद्ध 29 मिनिटांत 60 गुण केले. एवढे गुण करायला त्याने चेंडू जमिनीवर किती वेळा आपटला असेल? फक्त 11 वेळा. सगळा मिळून चेंडू त्याच्या हातात राहिला तो जेमतेम दीड मिनिट. उरलेला वेळ तो पळत होता. सोबत्याने वाटेत उभं राहून केलेल्या अडथळ्याच्या, म्हणजे स्क्रीनच्या, आडून वर, वरून कोपऱ्यात, कोपऱ्यातून पुन्हा वर. आणि त्याच संघात स्टेफ करी होता, त्या मोसमात केव्हिन ड्युरंटही होता.

दोन स्टार खेळाडूंच्या जोडीवर वाद सुरू झाला की मला हा सामना आठवतो. वाद बहुतेक वेळा बेरजेने सुरू होतो. ‘हा 28 काढतो, तो 26 काढतो, म्हणजे 54 गुण खिशात.’ पण चेंडू एकच असतो आणि शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला मिळणारा वेळ, 24 सेकंदांचा. पहिला स्टार त्यातले 14 सेकंद चेंडू घेऊन खेळत असेल, तर तेवढा वेळ दुसऱ्याने काय करायचं? हा प्रश्न बेरजेत कुठेच येत नाही. जोडी जमली की नाही, हे मी जवळजवळ सगळं याच प्रश्नावर ठरवतो.

खाली माझी पद्धत देतोय. सामान फार लागत नाही. त्या संघाच्या चार-पाच सामन्यांची रेकॉर्डिंग, त्यातला निदान एक सामना तगड्या बचावाविरुद्धचा. एक वही. आणि लाइनअपनुसार, म्हणजे मैदानात कोणते पाच जण होते त्यानुसार, आकडे दाखवणारी वेबसाइट; एनबीएच्या अधिकृत साइटवर ते फुकट मिळतात. वेळ मात्र द्यावा लागतो. एका जोडीला माझ्या दोन-तीन संध्याकाळी जातात.

पहिली पायरी: चेंडूचा हिशेब

सुरुवात ‘युसेज’ या आकड्यापासून करा. खेळाडू मैदानात असताना संघाच्या किती टक्के चाली त्याच्यापाशी संपतात, म्हणजे त्याने शॉट मारला, फ्री थ्रो मिळवले किंवा चेंडू गमावला, ते हा आकडा सांगतो. मैदानात पाच जण, म्हणून सरासरी 20 टक्के. स्टार साधारण 30 च्या आसपास असतो. आता दोन्ही स्टार 30-30 वर असले तर झाले 60. उरलेल्या तिघांना मिळून 40, म्हणजे प्रत्येकी साधारण 13. आधीच्या संघात 22 टक्क्यांवर खेळणारा माणूस इथे 13 वर आला की त्याची लय बिघडते, आणि मग ‘तो इथे येऊन संपला’ अशी ओरड होते. तो संपलेला नसतो, त्याच्या वाटणीचा चेंडूच कमी झालेला असतो.

युसेजची एक मोठी खोट आहे. चाल कोणापाशी संपली एवढंच तो मोजतो. त्याआधी चेंडू कोणी किती वेळ धरला होता, ते नाही. थॉम्पसनसारखा खेळाडू एकाही ड्रिबलशिवाय भरपूर शॉट घेऊ शकतो. उलट एखादा गार्ड दहा सेकंद चेंडू खेळवून शेवटी पास देतो आणि युसेजमध्ये दिसतसुद्धा नाही. म्हणून वही.

एका क्वार्टरमध्ये, म्हणजे 12 मिनिटांत, एका संघाच्या साधारण 25 चाली होतात. प्रत्येक चालीसाठी तीन रकाने भरा: चेंडू अर्ध्या मैदानापलीकडे कोणी आणला, पहिली खरी हालचाल कोणी सुरू केली, शेवट कोणी केला. खेळाडूंच्या नावाचं एकेक अक्षर पुरे. दोन क्वार्टर झाले की वहीत नक्षी दिसायला लागते. काही जोड्यांमध्ये तिन्ही रकान्यांत एकच अक्षर, मग पुढच्या चालीत तिन्ही रकान्यांत दुसरं अक्षर. ही झाली आळीपाळी: एकदा तू, एकदा मी. काही जोड्यांत एकाच चालीत दोन्ही अक्षरं येतात.

आळीपाळी म्हणजे जोडी फसली असं लगेच लिहून टाकू नका. जेम्स हार्डन आणि ख्रिस पॉल 2017-18 मध्ये ह्यूस्टनकडून बऱ्याच अंशी असंच खेळले, समोरच्याला एकट्याने गाठून. त्या संघाने 65 सामने जिंकले. त्यांचा फायदा एकमेकांसोबत खेळण्यात कमी आणि एकमेकांच्या गैरहजेरीत जास्त होता: एक बाकावर बसला तरी मैदानात पहिल्या दर्जाचा सूत्रधार असायचाच. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पॉल जायबंदी झाला आणि शेवटच्या दोन सामन्यांना मुकला. त्यातल्या सातव्या सामन्यात ह्यूस्टनचे सलग 27 थ्री, म्हणजे लांबून मारायचे तीन गुणांचे शॉट, हुकले. आळीपाळीच्या जोडीत एक चाक निखळलं की काय होतं, ते त्या रात्री दिसलं. थ्री हुकण्यात नशिबाचाही भाग असतो, ते खरंच. त्याबद्दल पुढे येईलच.

दुसरी पायरी: चेंडूकडे बघूच नका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कंटाळवाणी. एक क्वार्टर पुन्हा लावा. या वेळी डोळे चेंडूवर ठेवायचे नाहीत. ज्या स्टारच्या हातात चेंडू नाही तो कुठे आहे ते शोधा, आणि मग त्याच्यापेक्षाही त्याच्या डिफेंडरचे पाय बघा. पहिल्या पाच मिनिटांत नजर सारखी चेंडूकडे धावते. मी सुरुवातीला पडद्याच्या त्या भागावर हात धरायचो. हसू येईल, पण उपयोग होतो.

डिफेंडरच्या पायांसाठी वहीत तीन खुणा पुरतात. ‘चि’ म्हणजे चिकटलेला: तो आपला माणूस सोडायला तयार नाही. ‘म’ म्हणजे मध्ये: एक पाय मदतीला, एक पाय परतीला. ‘पें’ म्हणजे सरळ पेंटमध्ये, बास्केटखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात, जाऊन उभा, आपल्या माणसाकडे पाठ करून. शॉटच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत तो कुठे होता, एवढंच लिहायचं. अर्ध्या तासात वही बोलायला लागते. करीच्या हातात चेंडू नसतानाही त्याच्या नावापुढे ‘चि’, ‘चि’, ‘चि’ असंच येत राहतं. तो अर्ध्या मैदानाजवळ नुसता उभा असला तरी एक डिफेंडर त्याच्यासोबत अडकून पडलेला असतो, म्हणजे उरलेल्या मैदानात चौघांविरुद्ध चौघे. जोडीदारासाठी याहून मोठी भेट नाही, आणि बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यात, तिची नोंद शून्य.

आता उलटी बाजू. फिलाडेल्फियाची जोएल एम्बीड आणि बेन सिमन्स ही जोडी कागदावर देखणी होती: पेंटवर राज्य करणारा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, आणि 208 सेंटिमीटर उंचीचा, मैदानभर नजर असलेला सूत्रधार. पण सिमन्स बाहेरून शॉट जवळजवळ घ्यायचाच नाही. एम्बीड पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ तिच्याकडे पाठ करून, चेंडू मागतोय आणि सिमन्सचा डिफेंडर आधीच तिथे येऊन उभा आहे, असं चित्र वारंवार दिसायचं. नियमित मोसमात वेग, उंची आणि बचाव यांच्या जोरावर ते झाकलं जायचं. 2020-21 मध्ये तर हा संघ पूर्व विभागात पहिला होता. प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित मोसमानंतरच्या बाद फेरीत, अटलांटाने तेच उघडं पाडलं. त्या मालिकेत सिमन्सने 45 पैकी 15 फ्री थ्रो टाकले. सातव्या सामन्याच्या चौथ्या क्वार्टरमध्ये संघ निसटत्या फरकाने मागे असताना बास्केटखाली मोकळा डंक, म्हणजे चेंडू वरून बास्केटमध्ये कोंबायची संधी, सोडून त्याने पास दिला. सगळ्यांनी तो क्षण पकडून ठेवला, पण वहीत ‘पें’, ‘पें’, ‘पें’ या खुणा चार वर्षांपासून जमत होत्या.

म्हणजे ज्याला थ्री येत नाही तो दुसऱ्या स्टारबरोबर खेळूच शकत नाही का? तसं नाही. ड्वेन वेडचं करिअरभराचं थ्रीचं प्रमाण 29 टक्के आहे. 2010 मध्ये लेब्रॉन जेम्स मायामीत आला तेव्हा दोघांनाही चेंडू हातात हवा होता, दोघांनाही बास्केटकडे घुसायचं होतं. सुरुवात झाली 9 विजय आणि 8 पराभवांनी, आणि मोसमाच्या शेवटी अंतिम फेरीत डॅलसकडून हार. पुढच्या मोसमात बदललं ते वेडचं उभं राहणं. तो बाजूला थांबून वाट बघेनासा झाला. लेब्रॉनकडे डिफेंडरचं लक्ष गेलं रे गेलं की तो बेसलाइनवरून, म्हणजे बास्केटमागच्या रेषेवरून, पाठीमागून आत शिरायचा. लेब्रॉन स्वतः पोस्टमध्ये जास्त खेळू लागला. 2012 च्या प्लेऑफमध्ये त्यांचा सोबती ख्रिस बॉश सेंटरला सरकला, त्यामुळे समोरच्या संघाचा उंच खेळाडू बास्केटपासून लांब ओढला गेला, आणि शेन बॅटिएसारखे नेमबाज बाहेर थांबले. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही विजेतेपद मिळालं. डिफेंडर मदतीला गेला तर त्याला त्याची किंमत मोजावी लागली पाहिजे, बस. ती किंमत थ्रीने वसूल झाली काय, वेडसारखं पाठीमागून शिरून, म्हणजे बॅकडोअर कटने काय, किंवा अचानक लावलेल्या स्क्रीनने काय, सारखंच.

जुन्या जोड्या बघताना एक नियम ध्यानात ठेवा. 2001 पर्यंत एनबीएत झोन बचावाला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला, बंदी होती, म्हणून कमकुवत नेमबाजाला सोडून डिफेंडर असा बिनधास्त पेंटमध्ये उभा राहू शकत नव्हता. नंतर झोनला परवानगी मिळाली आणि सोबत बचावातल्या तीन सेकंदांचा नियम आला: कोणालाही न अडवता पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. आंतरराष्ट्रीय म्हणजे फिबाच्या सामन्यांत तर तोही नियम नाही. त्यामुळे नव्वदच्या दशकात बिनघोर चालणारी एखादी जोडी आजच्या नियमांत घुसमटली असती, आणि एनबीएत चालणारी फिबाच्या मैदानात अडखळू शकते.

तिसरी पायरी: दोघे एकाच चालीत आले की काय होतं

आता पहिल्या पायरीतल्या त्या चाली काढा, जिथे दोन्ही अक्षरं एकत्र आली होती. बहुतेक वेळा तिथे पिक अँड रोल (चेंडूवाल्यासाठी स्क्रीन लावून मग बास्केटकडे वळणं) किंवा हँडऑफ (जवळून पळणाऱ्या सोबत्याच्या हातात चेंडू देणं) असतो. जॉन स्टॉकटन आणि कार्ल मलोन यूटाकडून 1985 ते 2003 अशी 18 मोसमं पिक अँड रोल हीच चाल खेळले. स्टॉकटनचे 15,806 असिस्ट, म्हणजे ज्यांवर सोबत्याने लगेच बास्केट केली असे पास, आजही विक्रम आहे आणि मलोनचे 36,928 गुण झाले. सगळ्यांना माहीत होतं काय येणार आहे. थांबवता येत नव्हतं. कारण एका चालीला उत्तरं अनेक होती, आणि तीच मोजायची असतात.

हँडऑफ कसा बघायचा ते डेन्व्हरच्या निकोला योकिच आणि जमाल मरे यांच्यावरून सांगतो. योकिच फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्यावर चेंडू घेऊन उभा आहे. मरे बाजूने पळत त्याच्याकडे येतो. इथे रेकॉर्डिंग थांबवा आणि मरेचा डिफेंडर काय करतो ते बघा. तो योकिचच्या मागून, म्हणजे स्क्रीनखालून गेला, तर मरे जागेवरच थ्री मारतो. तो मरेच्या पाठीला चिकटून आला, तर योकिचच्या डिफेंडरला पुढे यावं लागतं. मरे खिशातून काढावा तसा चेंडू मागे योकिचला देतो, आणि तो एका हाताने फ्लोटर, म्हणजे हलका उंच शॉट, टाकतो किंवा तिथून कोपऱ्यात पास काढतो. दोघा डिफेंडरनी आपापली माणसं बदलली, तर योकिचच्या अंगावर बुटका गार्ड आला. मग योकिच सरळ पोस्टमध्ये. आणि मरेच्या डिफेंडरने हँडऑफ होण्याआधीच मध्ये उडी घेतली, तर मरे येता येता वळतो आणि मोकळ्या बास्केटकडे कापतो, योकिच चेंडू हातात देतोय असं दाखवतो आणि डिफेंडरच्या मागे त्याला पास सोडतो.

चार बचाव, चार उत्तरं. तुमच्या जोडीसाठी हेच चार प्रश्न वहीत लिहा आणि प्रत्येकाचं निदान एक तरी उदाहरण सापडतं का ते शोधा. एखाद्या बचावाला उत्तर सापडलं नाही, तर खूण करून ठेवा. चांगला कोच प्लेऑफमध्ये नेमकं तेच वापरणार. आणखी एक बारीक गोष्ट: स्क्रीन दोन्हीकडून लागते का? मरेही योकिचसाठी स्क्रीन लावतो. स्टार खेळाडू दुसऱ्या स्टारसाठी अंगावर धक्का घेतो, तिथे मला जोडी दिसते. 2023 च्या अंतिम फेरीच्या तिसऱ्या सामन्यात योकिचने 32 गुण, 21 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), 10 असिस्ट आणि मरेने 34 गुण, 10 रिबाउंड, 10 असिस्ट केले. एकाच सामन्यात एकाच संघाच्या दोघांनी 30 गुणांसह ट्रिपल डबल, म्हणजे तिन्ही बाबतींत दोन आकडी मजल, करण्याची एनबीएतली ती पहिलीच वेळ. चेंडू दोघांत वाटला गेला म्हणून कोणाचाच आकडा आक्रसला नाही.

कोणी म्हणेल, एकमेकांना दिलेले असिस्ट मोजले की झालं. मोजा, पण त्यावर विसंबू नका. करी-थॉम्पसन यांच्यासारख्या जोडीत बऱ्याचदा दोघे एकमेकांना स्क्रीन लावायचे आणि पास त्यांचा सोबती ड्रेमंड ग्रीन द्यायचा. असिस्ट त्याच्या खात्यात जायचा, काम या दोघांचं.

चौथी पायरी: चार चौकोन

आता आकडे. डोळ्यांनी बघून झाल्यावरच, आधी नाही. नाही तर डोळे आकड्यांचं ऐकायला लागतात.

वहीत चार चौकोन काढा: दोघे मैदानात, फक्त पहिला, फक्त दुसरा, दोघेही बाहेर. प्रत्येकात दोन गोष्टी लिहा: मिनिटं आणि 100 चालींमागे गुणांचा फरक, म्हणजे नेट रेटिंग. समजा असं आलं: दोघे मैदानात अधिक 6, फक्त पहिला अधिक 7, फक्त दुसरा उणे 5, दोघेही बाहेर उणे 9. पहिला असताना दुसऱ्याच्या येण्याने काहीच वाढलं नाही, उलट एक गुण गेला. दुसरा एकटा असताना मात्र संघ थोडा सावरतो. असे दोघे एकमेकांना पूरक नाहीत. दुसरा खेळाडू पहिल्याची बदली म्हणून काम करतोय. उलट, एकेकटे अधिक 2 आणि अधिक 1 असताना दोघे मिळून अधिक 10 आले, तर काही तरी खरं शिजतंय.

लगेच निकाल देऊ नका. 300 मिनिटांचा चौकोन भरभक्कम वाटतो, पण त्यात चाली साधारण 600 च असतात. समोरचा संघ 100 चालींत 35 थ्री मारतो असं धरा. ते 33 टक्के पडले की 38 टक्के, हे तुमच्या जोडीच्या हातात फारसं नसतं. पण 35 थ्रीच्या 5 टक्के म्हणजे पावणेदोन बास्केट, म्हणजे 100 चालींमागे पाच गुणांहून जास्त फरक. वरच्या उदाहरणातली 6 आणि 7 मधली तफावत यात कुठल्या कुठे वाहून जाते. म्हणून मी दोन चौकोनांत पाचपेक्षा कमी फरक असेल तर तो नाही असंच समजतो, आणि समोरच्या संघाची थ्रीची टक्केवारी बाजूला लिहून ठेवतो.

दुसरा सापळा सोबत्यांचा. ‘फक्त दुसरा’ या चौकोनात त्याच्यासोबत बहुधा बाकावरचे चौघे असतात. दोष कोणाचा, ते आकडा सांगत नाही.

मिनिटांचंही एक गणित मांडून बघा. सामना 48 मिनिटांचा, दोघे 36-36 मिनिटं खेळतात. एकत्र आत-बाहेर केलं तर 36 मिनिटं दोघे, आणि 12 मिनिटं मैदानात एकही स्टार नाही. मिनिटं सरकवून एक कायम आत ठेवला तर एकत्र वेळ 24 मिनिटांवर येतो आणि ती रिकामी 12 मिनिटं नाहीशी होतात. आळीपाळीच्या जोडीसाठी दुसरा मार्ग सोन्यासारखा. योकिच-मरेसारख्यांना एकत्र जास्त वेळ द्यावासा वाटतो, आणि मग ती स्टारविना मिनिटं सांभाळायला बाक लागतो. कोचने कोणता मार्ग धरलाय, यावरून त्याचं या जोडीबद्दलचं खरं मत कळतं. पत्रकार परिषदेत तो काहीही म्हणो.

चौथा चौकोन, दोघेही बाहेर, लोक वगळतात. महिलांच्या डब्ल्यूएनबीएत सू बर्ड आणि ब्रिआना स्टुअर्ट यांनी सिअॅटलला 2018 आणि 2020 मध्ये विजेतेपद मिळवून दिलं. मधल्या 2019 मध्ये दोघीही पूर्ण मोसम दुखापतीमुळे बाहेर होत्या, आणि संघाने तरीही 18 जिंकले, 16 हरले. म्हणजे उरलेला संघ कच्चा नव्हता. या दोघींनी बऱ्या संघाला अव्वल केलं. उणे 9 वरून अधिक 6 वर नेणारी जोडी आणि शून्यावरून अधिक 10 वर नेणारी जोडी, या वेगळ्या गोष्टी आहेत.

पाचवी पायरी: दुसऱ्या टोकाला

बचावाचा प्रश्न सोपा आहे: दोघांपैकी कोणाला लपवावं लागतं? एकाला लपवता येतं. समोरच्या संघात निदान एक तरी दुबळा आक्रमक असतो, त्याच्यावर ठेवायचं. दोघांना लपवायला जागा मिळत नाही. पोर्टलंडच्या डेमियन लिलार्ड आणि सी. जे. मॅकॉलम यांच्याकडे आक्रमणात सगळं होतं, पण दोघेही 190 सेंटिमीटरच्या आसपासचे गार्ड. 2019 मध्ये ते पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत गेले आणि तिथे गोल्डन स्टेटकडून 4-0 हरले. मॅकॉलम 2022 मध्ये दुसरीकडे गेला तोवर त्यांना त्यापुढे जाता आलं नाही.

दुसरं टोक म्हणजे मायकल जॉर्डन आणि स्कॉटी पिपेन. 1991 च्या अंतिम फेरीत मॅजिक जॉन्सनला अडवायचं काम आधी जॉर्डनकडे होतं. पहिला सामना शिकागो हरला. दुसऱ्यात जॉर्डनवर लवकर फाउल पडले आणि मॅजिकसमोर पिपेन आला, लांब हातांनी पूर्ण मैदानभर त्याला छळत. पुढचे चारही सामने शिकागोने जिंकले. सगळ्यात अवघड माणूस जोडीदाराकडे सोपवता येणं ही आक्रमणातली मदतसुद्धा आहे. वाचलेला दम शेवटी शॉटमध्येच उतरतो. तपासायला पाच चाली पुरेत: समोरचा संघ मुद्दाम कोणाच्या माणसाला स्क्रीन लावायला बोलावतोय? ज्याच्या माणसाला बोलावतात तो कमकुवत दुवा. दोघांच्याही माणसांना बोलावत असतील तर कठीण आहे.

सहावी पायरी: उरलेले तिघे

पुष्कळ जोड्यांवर फसल्याचा शिक्का बसतो, आणि खोट सोबत्यांत असते. बोस्टनच्या जेसन टेटम आणि जेलन ब्राउन यांना वेगळं करा, अशी चर्चा वर्षानुवर्षं चालली. दोघेही साधारण एकाच उंचीचे, एकाच जागी खेळणारे विंग, म्हणजे मैदानाच्या बाजूने खेळणारे. 2022 मध्ये अंतिम फेरीत हरले, पुढच्या वर्षी त्याआधीच. मग 2023-24 च्या मोसमाआधी क्रिस्टाप्स पोर्झिंगिस आला, बाहेरून थ्री मारणारा सेंटर, आणि ड्रू हॉलिडे आला. डेरिक व्हाइट आणि अल हॉरफर्ड होतेच. आता मैदानात कोणाच्याही डिफेंडरला आपला माणूस सोडता येईना. 64 विजय, अंतिम फेरीत डॅलसवर 4-1, आणि ब्राउन अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू. जोडी तीच होती.

याउलट लेकर्सचा 2021-22 चा मोसम. लेब्रॉन आणि रसेल वेस्टब्रुक, दोघांनाही चेंडू हवा, आणि वेस्टब्रुकचे थ्री जेमतेम 30 टक्के. 33 विजय, 49 पराभव, प्लेऑफही हुकलं. हे दोघे जुळत नव्हते असं माझंही मत आहे, आणि ‘पें’ खुणांनी माझी वही भरली होती. पण खापर फोडताना एवढं बघा: संघाचा तिसरा स्टार अँथनी डेव्हिस त्या वर्षी 40 च सामने खेळला, लेब्रॉन 56. 82 पैकी निदान 26 सामन्यांत तपासायला जोडीच पुरती मैदानात नव्हती.

सातवी पायरी: शेवटची पाच मिनिटं

एनबीएच्या आकडेवारीत चौथ्या क्वार्टरची किंवा ओव्हरटाइमची शेवटची पाच मिनिटं, आणि फरक पाच गुण किंवा कमी, म्हणजे ‘क्लच’. हे सामने वेगळे काढा, पण टक्केवारी बघू नका, ती फार थोड्या शॉट्सवर उभी असते. बघायचं ते एवढंच: चेंडू कोणाकडे जातो, आणि दुसरा तेव्हा दुसऱ्या पायरीतलंच काम करतो की कमरेवर हात ठेवून प्रेक्षक होतो.

कधी कधी जोडी सामन्याच्या वेळेतच वाटणी करते. लेकर्सची जुनी जोडी घ्या: शकील ओनीलची फ्री थ्रोची करिअर टक्केवारी 53 च्याही खाली, कोबी ब्रायंटची जवळजवळ 84. समोरचे संघ ओनीलला मुद्दाम फाउल करायचे. म्हणून सुरुवातीला ओनीलने समोरच्या उंच खेळाडूंना दमवायचं, फाउलमध्ये अडकवायचं, आणि शेवटी चेंडू ब्रायंटकडे. 2000 च्या अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात ओव्हरटाइममध्ये ओनील सहा फाउल होऊन बाहेर गेला. घोटा दुखावल्यामुळे आधीचा सामना न खेळलेल्या 21 वर्षांच्या ब्रायंटने उरलेला सामना काढून दिला, 120-118. त्या वर्षापासून सलग तीन विजेतेपदं आली. आणि त्या तीनही वर्षांत दोघांचं पटत नव्हतं, हे जगजाहीर होतं. त्यामुळे बाकावरची मिठी, मुलाखतीतली स्तुती, सुट्टीतले फोटो यांना मी वहीत रकाना ठेवलेला नाही. भांडणाने जोडी तुटते, 2004 मध्ये तीही तुटली. पण मैदानावर जमते की नाही ते भांडणावरून कळत नाही.

निकाल लिहिताना

नवी जोडी असेल तर पहिले 20 सामने फक्त बघा, निकाल लिहू नका. मायामीचे ते 9-8 आठवा. पण त्या 20 सामन्यांत एक गोष्ट जरूर टिपून ठेवा: पहिल्या आठवड्यातल्या ‘पें’ खुणा आणि पाचव्या आठवड्यातल्या ‘पें’ खुणा. त्या कमी होत असतील तर विजय नंतर येतात.

मग दोन वाक्यं लिहा, दोघांसाठी एकेक: ‘पहिल्याच्या हातात चेंडू असताना दुसरा अमुक करतो, म्हणून त्याच्या डिफेंडरला तमुक करता येत नाही.’ नंतर नावांची अदलाबदल करून तेच. पहिली गाळलेली जागा सगळ्यांना भरता येते. दुसरी भरताना पेन अडलं, तर अजून एक सामना लावा, आणि या वेळी कोपऱ्यातल्या त्या डिफेंडरच्या पायांपासून सुरुवात करा.